बसलेल्या आठ जणांसाठी

बेंगळुरूत संध्याकाळी मुलांना खो-खो शिकवायचा म्हटलं की आखणी मैदानाआधी रस्त्यापासून करावी लागते. आउटर रिंग रोडवर अडकलेली स्कूलबस कधी सुटेल, कोणी सांगावं! म्हणून माझी पहिली पंधरा मिनिटं अशी असतात की मूल केव्हाही आलं तरी थेट आत शिरेल : साखळीची पकडापकडी, शिट्टीसरशी दिशा बदलून धावणं, मग घोटे, गुडघे, कंबर मोकळी करणं. उशिरा आलेल्याला मी कडेला उभं करत नाही. तो उशीर त्याने केलेला नसतो.

खरा सराव त्यानंतरचा. पाठलाग करणाऱ्या नऊ जणांपैकी आठ जण बसलेले असतात, आणि मी आखणी करते ती या आठ जणांसाठी. मागून खो मिळेपर्यंत उठायचं नाही, उठल्यावर मधली पाटी ओलांडायची नाही, एकदा धरलेली दिशा खांब गाठेपर्यंत सोडायची नाही. मग कुठे पळायचं हे बसल्या बसल्याच ठरायला हवं ना? म्हणून खेळ चालू असताना मी मध्येच शिट्टी वाजवते. "डोळे मिटा, पळणारा कुठंय, बोटाने दाखवा." सुरुवातीला बोटं चारी दिशांना जातात. ती हळूहळू एका जागी वळू लागली की उठण्यातला वेगही आपोआप वाढतो.

पूर्ण मैदान 27 बाय 16 मीटरचं. दहा वर्षांखालच्यांना ते फार मोठं पडतं आणि खो मिळायची वाट बघून ती कंटाळतात. त्यांच्यासाठी मी दोन छोटी मैदानं आखते, प्रत्येकात पाचच जण बसवते. सूर शिकवायचा दिवस वेगळा. इथली लाल माती मार्च-एप्रिलमध्ये दगडासारखी होते. ती आधी भिजवून मोकळी करायची आणि पहिले सूर गुडघ्यांवरून मारायला लावायचे. धावत येऊन सूर नंतर. यात घाई करणाऱ्या प्रशिक्षकाचा मला राग येतो, कारण सोलवटलेलं मूल पुढे कितीतरी दिवस सूर मारायलाच धजत नाही.

मुलं कन्नड, तमिळ, तेलुगू, हिंदी, मराठी अशा घरांतली. त्यामुळे मी बोलते कमी, दाखवते जास्त.

जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत पहिला विश्वचषक झाला. प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे यांच्या नेतृत्वाखाली भारताचे दोन्ही संघ जिंकले. त्यांत कर्नाटकाचे एम. के. गौतम आणि बी. चैत्राही होते. त्यानंतर चौकशीला येणारे पालक वाढले, याचा मला मनापासून आनंद आहे. एका वडिलांनी विचारलं, "मॅडम, हा तर निम्मा वेळ बसूनच असतो?" मी त्यांना म्हटलं, "आज फक्त त्याची मान आणि डोळे बघा." तासभर ते बघत उभे होते. जाताना म्हणाले, "एक क्षण स्वस्थ नव्हता हो!"

शेवटची दहा मिनिटं सामना. तेव्हा मी कडेवरून सूचना देत नाही. सारखा माझा आवाज कानावर आला तर मुलं पळणाऱ्याऐवजी माझ्याकडे बघतात. वही घेऊन बसते. खो मिळण्याआधी कोण उठलं, खांबापाशी कोण अडखळलं, एवढंच टिपते. दोघं-तिघं आधी उठलेली दिसली, तर पुढच्या वेळचा विषय तोच.