मेनची लाइन

इंजिनाचं काम निघालं की गाडीमालक सिलिंडर, पिस्टन, रिंगा, नोझल यांचं विचारतो. ज्या भोकांत क्रँक फिरतो त्यांची चौकशी सहसा कुणी करत नाही. सहा सिलिंडरच्या ट्रकच्या ब्लॉकला अशी सात भोकं असतात, त्यांना मेन म्हणतात. प्रत्येकाचा वरचा अर्धा भाग ब्लॉकमध्येच ओतलेला, खालचा अर्धा बोल्टनं आवळलेल्या कॅपमध्ये. ही सातही भोकं गोल तर हवीतच, पण एका सरळ रेषेत हवीत. माझ्या वडिलांनी, आबांनी, कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आयुष्यभर ही रेषा सरळ केली. त्यांना पोचवायला कितीतरी ट्रकवाले आले होते. आबांनी आपल्या गाडीचं नेमकं काय केलं, हे त्यातल्या फार थोड्यांना सांगता आलं असतं.

ऑइल कमी पडलं, किंवा गाळानं वाट अडली, की भोकातलं बेअरिंग तापतं, क्रँकला धरतं आणि त्याच्याबरोबर आपल्या जागेत फिरतं. मग कॅप भाजते, भोक लंबगोल होतं. पाणी आटून इंजिनच तापलं असेल तर अख्खा ब्लॉक वाकतो आणि मधली मेन लाइन सोडतात. अशा ब्लॉकात नवी बेअरिंग आणि ग्राइंड केलेला क्रँक घातला तरी ते टिकत नाही. कधी क्रँकच मोडतो. आबांकडे येणारे ब्लॉक बहुधा असे, दुसऱ्यांदा पैसे घालवून आलेले. उसाचा सीझन तोंडावर आलेला, मालक घायकुतीला आलेला.

आबा मात्र त्या घाईला दाद देत नसत. ब्लॉक धुऊन झाला की प्रत्येक कॅपचा नंबर आणि तोंड बघायचं, टॉर्क रेंचनं आवळायची आणि बोअर गेज घालून उभं, आडवं, तिरकं माप घ्यायचं. आकडे लिहायला मी. इंचाच्या हजाराव्या भागाला ते थाऊ म्हणत. "लिव, तीन नंबर, उभा, अधिक दीड." मी लिहिलं की पुन्हा तेच माप घ्यायचे. मग कॅपांची बसायची तोंडं काही थाऊ घासून खाली घ्यायची. त्यामुळे भोक उंचीला कमी होतं आणि तेच पुन्हा मूळ मापाला गोल कापता येतं. नवा धातू कुठून आणायचा नाही, आहे त्यातूनच गोलाई काढायची. हे मला लहानपणी फार नवलाचं वाटायचं, अजूनही वाटतं.

यानंतर बोअरिंग बार. दोन टोकांची मेन शाबूत असतील तर त्यांच्यावरून बार सेंटरला आणायचा. यात अख्खा दिवस जाई. कापायला तासाभरापेक्षा फार लागत नसे. बिडाचा कीस कोरडाच पडायचा, काळा आणि बारीक. आबांच्या नखांच्या कडा त्यानं कायमच्या काळ्या झालेल्या. पहिला कट झाला की माझं बोट धरून सांध्यावर फिरवायचे. "नख अडकतंय का बघ." कॅप आणि ब्लॉक जिथं मिळतात तिथं नख अडकलं नाही पाहिजे.

कापायचं ते शक्यतो कॅपमधून. ब्लॉकच्या अर्ध्या भागाला टूलचा नुसता स्पर्श. तिथं जास्त कापलं तर क्रँकचा मध्य वर सरकतो, पिस्टन वर येतात, टायमिंगचे गिअर एकमेकांत दाटतात आणि इंजिन रडायला लागतं. तीन इंच जर्नलला बेअरिंगमध्ये मोकळीक साधारण तीन थाऊ, माणसाच्या केसाएवढी. तेवढ्या जागेतल्या ऑइलवर सगळा ट्रक चालतो. शेवटी क्रँक ऑइल लावून बसवायचा, सगळ्या कॅप आवळायच्या आणि हातानं फिरवायचा. तो सगळीकडे सारखा फिरला आणि हात काढल्यावर आपसूक मंदावत थांबला, तर आबा हात पुसायला घेत. शाबासकी स्वतःलाही द्यायचे नाहीत.

आबांचे गुरू याही आधीच्या पद्धतीनं काम करत. 1839 साली अमेरिकेत आयझॅक बॅबिटनं शोधलेला कथील, अँटिमनी, तांब्याचा मिश्रधातू वितळवून भोकात ओतायचा, क्रँकला ब्लू लावून फिरवायचा, जिथं डाग उठेल तिथं स्क्रेपरनं खरवडायचं. 1954 साली टेल्कोनं डाइमलर-बेंझशी करार केला आणि टाटा-मर्सिडीजचे ट्रक रस्त्यावर आले. त्यांना तयार बेअरिंग होती, म्हणून खरवडणं गेलं आणि बारनं कापायचं लाइन बोअरिंग आलं. आबा त्या बदलात घडले. आता सीएनसीवर हेच काम अधिक बिनचूक होतं, आणि मला त्याचं वाईट वाटत नाही. आबांनाही वाटत नव्हतं. मशिनवर झालेलं काम मापून बघताना त्यांचा चेहरा उजळलेला मी पाहिला आहे.

ते गेले तेव्हा एक ब्लॉक स्टँडवर होता. वहीत एक ते चार नंबरची मापं होती, पुढच्या तीन ओळी मोकळ्या. तेराव्यानंतर त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या मिस्त्रींनी उरलेली मापं घेतली, मी लिहिली. पाच नंबरला ते थांबले आणि म्हणाले, "आबा हितं काय करत हुते, कॅप किती घासत हुते, सांगता येतंय का?" मला सांगता येईना. वहीत जुन्या ब्लॉकांचं आधीचं माप होतं आणि नंतरचं होतं. मधला निर्णय आबांनी कधी लिहिला नव्हता, मीही विचारला नव्हता. मिस्त्रींनी आपल्या अदमासानं कापलं आणि ब्लॉक चांगला झाला. तरी आबा नाहीत, हे मला स्मशानात नव्हे, त्या पाच नंबरपाशी कळलं.

बार आता त्याच मिस्त्रींच्या शिरोलीच्या शेडमध्ये आहे. जुना ब्लॉक आला की चालतो. तुमच्या घरात, गल्लीत असा कुणी हाताचा माणूस असेल तर वही घेऊन त्याच्याशेजारी बसा. आणि तो कामात असतानाच विचारा. रिकाम्या वेळी विचारलंत तर "त्यात काय असतंय" एवढंच सांगेल.