कुंथलगिरीचा उन्हाळा आणि भ्रामरी वृत्ती

धाराशिव जिल्ह्यातील कुंथलगिरी हे कुलभूषण आणि देशभूषण या मुनींचे निर्वाणस्थान. आचार्य शांतिसागर महाराजांनी १९५५ साली येथेच सल्लेखनापूर्वक देह ठेवला.

बालाघाटाच्या या प्रदेशात फाल्गुनापासून ऊन तापू लागते. गवत वाळते, ओढे आटतात, यात्रेकरू सावली शोधतात. नेमक्या त्याच दिवसांत पानांचा भार उतरवून पळस फुलतो आणि त्याच्या फुलांतील रसासाठी पाखरे जमतात. चैत्राच्या सुमारास कडुनिंब व करंज मोहरतात; त्यांवर मधमाश्यांचा गुंजारव चालतो. वैशाखात बहाव्याचे पिवळे घोस लोंबतात. खडकाळ माळावर तग धरणाऱ्या तरवडाच्या फुलात मध नसतो. भुंगा त्याचे पुंकेसर धरून अंग थरथरवतो, तेव्हा टोकाच्या छिद्रांतून पराग बाहेर पडतो.

जैन शास्त्राने भ्रमराला चतुरिंद्रिय जीव मानले आहे. फुलाला पीडा न देता थोडा थोडा रस घेणाऱ्या भ्रमरावरूनच मुनींच्या आहारचर्येला ‘भ्रामरी वृत्ती’ हे नाव मिळाले. या उपमेत मुनी भ्रमर असेल, तर श्रावक फूल ठरतो. फूलच नसेल, तर भ्रमराने जावे कोठे?

मधुत्याग श्रावकाच्या मूलगुणांत गणला जातो. मात्र मध न खाणारी पेढी धर्मशाळेपुढे बाग करून देते, तेव्हा तिच्यात बहुधा हिरवळ आणि शोभेची विदेशी झाडे लागतात. त्यांना रोज पाणी लागते, कीड पडली की फवारणी होते. भरगच्च पाकळ्यांच्या अनेक जातींत पुंकेसरांच्या जागीही पाकळ्याच असतात. मधमाशी तेथून रिकामी परतते. त्यागाने जो जीव वाचवला, तोच बागेत उपाशी राहतो किंवा विषाने मरतो.

तरवडाचे बी पावसाच्या आरंभी पेरावे. बहावा, करंज व कडुनिंब यांची रोपे त्याच सुमारास लावावीत. पहिले एक-दोन उन्हाळे बेताचे पाणी द्यावे; मुळे खोल गेल्यावर ही झाडे आपला निर्वाह आपण करतात. पाणी कमी म्हणजे अप्कायिक जीवांची हिंसा कमी. फवारणी नाही म्हणजे त्रस जीवांना अभय.

क्षेत्राला दिलेल्या दानाच्या पाट्या संगमरवरावर कोरल्या जातात. वैशाखातल्या भर दुपारी फुललेल्या बहाव्यावर नाव कोरलेले नसते. पण तेथे आहार घेणारा जीव उपाशी परतत नाही.