इंजिन बंद, मगच हात

9 जून 2024
मृगाचा पाऊस वेळेवर आला. इतर वर्षी एव्हाना राबात धूळपेर झाली असती. यंदा मात्र भाताची लावणी शेतकरी गटाच्या यंत्राने. त्याला मुठी बांधलेले आवण (रोपे) चालत नाही, चटईवर वाढवलेले लागते. म्हणून अंगणात माती चाळत बसले. आईंना (सासूबाईंना) वाटते, मी उगाच वेळ काढतेय. पण आज चाळणीतून सुटलेला खडा लावणीत यंत्राच्या बोटांत अडकणार आणि तो काढायला कुणाचा तरी हात तिथे जाणार. म्हणून दोनदा चाळली.

10 लिटर पाण्यात 300 ग्रॅम मीठ घालून कर्जत-3 चे बियाणे ओतले. पोकळ दाणे तरंगले, ते काढले. बाकीचे धुऊन, सुकवून त्यांना थायरम चोळले. हातमोजे घातले, नाकावर फडके बांधले. थोडे बियाणे उरले ते आई कोंबड्यांना टाकायला निघाल्या, त्यांना अडवले. औषध लावलेला दाणा कुणाच्याच पोटात जाता कामा नये. खड्डा खणून पुरला.

24 जून
चिखलणी. भाड्याचा ट्रॅक्टर खालच्या खाचरात रुतला. लगेच सल्लागार जमले. एक जण बल्ली घेऊन आला, म्हणे मागच्या चाकांना आडवी बांधा, चाक फिरले की ट्रॅक्टर आपोआप वर येईल. ड्रायव्हर जाणता होता. त्याने सरळ इंजिन बंद केले.

चाक जागच्या जागी अडकले आणि इंजिनाचा जोर चालूच राहिला, तर तो जोर धुऱ्याभोवती सगळा ट्रॅक्टरच फिरवतो. पुढची चाके उचलली जातात आणि ट्रॅक्टर मागे उलटतो, चालवणाऱ्याच्या अंगावर. उडी मारायलाही सवड मिळत नाही. शेवटी चाकांपुढचा चिखल उपसला आणि दुसरा ट्रॅक्टर आणून ओढले. साखळी खालच्या हुकालाच लावली. वर लावली तर पुन्हा तोच उलटण्याचा धोका. साखळी तुटली तर फटका बसू नये म्हणून सगळ्यांना लांब उभे केले. तासभर गेला. बल्लीवाले गृहस्थ अजून रुसलेले आहेत.

25 जून
आज अंगारकी. टिटवाळ्याच्या महागणपतीला येणाऱ्या माणसांनी स्टेशनपासून देवळापर्यंतचा रस्ता भरलेला. गटाचे लावणी यंत्र आणणारा टेम्पो गर्दीच्या अलीकडेच अडकला. टेम्पोवाल्याचा फोन आला, "ताई, इथेच उतरवतो, गर्दीतून चालवत न्या." दीडशे किलोच्या वर वजनाचे, पुढे लोखंडी चाके आणि मागे रोवणीची बोटे असलेले यंत्र, आणि भोवती लेकराबाळांची रांग! नको म्हटले. एक दिवस उशीर झाला तरी आवण वाळत नाही.

26 जून
पहाटे टेम्पो आला. दोन रुंद फळ्या कडेला हुक अडकवून लावल्या. खाली कुणी थांबायचे नाही आणि फळीवर असताना यंत्र वळवायचे नाही, असे भावजींना आधीच सांगितले. हळूहळू सरळ उतरवले.

नंतर कोरड्या माळावर तासभर नुसते चालवून पाहिले. शेजारी हसले. पण लावणीला येणाऱ्या कातकरी मावशींचा हात लहानपणापासून चिखलात आहे. डोळे मिटूनही त्या रोप खोचतील. हे यंत्र वर्षातले चार-आठ दिवस बाहेर निघते. कुठला क्लच चाकांचा, कुठला रोवणीचा, हे कुणाचाही हात वर्षभरात विसरतो. भीती यंत्राची नाही, या विसरण्याची आहे. त्यात पावसाची घाई.

27 जून
लावणी सुरू. चिखल बसला होता, पाणी दोन बोटे. चार ओळी एकदम पडतात, दोन ओळींत 30 सेंटिमीटर अंतर. मी काष्टा घातला, पदर कमरेला घट्ट खोचला, मंगळसूत्र पोलक्याच्या आत. बांगड्या काढ असे सुनेला कोण सांगणार? त्या वर सारून फडक्याने बांधल्या. बांध आला की रोवणीचा क्लच सोडायचा आणि बांध काटकोनात ओलांडायचा. तिरके गेले की यंत्र कलंडते. पेट्रोल घालायला इंजिन गार होईपर्यंत थांबले. तेवढ्यात मावशींचा चहा झाला.

28 जून
एका ओळीत रोपे पडेनात. चटई घालणारा पुतण्या वाकला आणि बोटांतला खडा काढायला हात घालणार, तोच मी ओरडले. इंजिन चालूच होते. बंद केल्यावरही अडकलेली बोटे खडा सुटताच झटक्यात फिरू शकतात, म्हणून खडा पकडीने काढला. पोरगा खट्टू झाला. संध्याकाळी त्याला जवळ बसवून सांगितले की मळणी यंत्रांनी एवढे हात खाल्ले, की 1983 मध्ये धोकादायक यंत्रांसाठी वेगळा कायदा करावा लागला. त्यात नाव मळणी यंत्राचे आहे. आपल्या यंत्राला आपणच कायदा घालून घ्यायचा. शासनाच्या गोपीनाथ मुंडे योजनेत शेतातल्या अपघातात एक हात गेला तर 1 लाख रुपये मिळतात. त्याने विचारले, "आणि हात?" म्हटले, "तेच तर."

8 जुलै
काल शहापूरकडे धो-धो कोसळला, कसारा लाइन बंद पडली, हे घरीच राहिले. काळू नदी फुगली आहे. सुदैवाने आमची खाचरे उंचावर, आवण उभे आहे. उरलेला एक तुकडा आज उरकून घेऊ, असे ह्यांचे म्हणणे पडले. आभाळ गडगडत होते. उघड्या खाचरात लोखंडी यंत्र धरून उभे राहायला मी नाही म्हटले. तो तुकडा मावशी हातानेच लावतील, ऊन पडल्यावर.

10 जुलै
यंत्र धुतले, टाकीतले पेट्रोल काढले, बोटांना ग्रीस लावून परत पाठवले. गटाच्या बैठकीत मांडायचे: पुढच्या वर्षी यंत्र पाऊस पडण्याआधी दोन दिवस द्या आणि ज्याने माळावर चालवून दाखवले त्याच्याच हाती खाचरात द्या. पहिले नाव पुतण्याचे लिहिले आहे.