मुक्तिनाथला निघण्यापूर्वी

नेपाळच्या मुस्तांग जिल्ह्यात, समुद्रसपाटीपासून सुमारे 3,700 मीटर उंचीवर मुक्तिनाथ हे तीर्थ आहे. अन्नपूर्णा आणि धौलागिरी या आठ हजार मीटरहून उंच पर्वतांच्या मधून काली गंडकी वाहते. आपल्याकडील देवघरांत दिसणारे शाळिग्राम याच नदीचे. बेनीपासून तिच्या खोऱ्याने मार्फा, जोमसोम, कागबेनी अशी वाट चढत जाते. येत्या ऑक्टोबरच्या अखेरीस आम्ही चार निवृत्त सहकारी पुण्याहून मोटारसायकलींवर त्या वाटेने जाणार आहोत. चौघेही साठी ओलांडलेले. दुचाकीवरून देशाची सीमा ओलांडण्याची ही आमची पहिलीच वेळ.

बेत घरी सांगितला, तेव्हा सौ.ने विरोध केला नाही. तीन अटी घातल्या. हृदयाची संपूर्ण तपासणी करायची, सूर्यास्तानंतर गाडी चालवायची नाही, आणि घरचे व्यवहार तिला समजतील असे लिहून ठेवायचे. मुलाने मात्र स्पष्टच विचारले, "बाबा, विमानाने गेलात तर काय बिघडेल?" त्याच्या प्रश्नामागे काळजी होती. तिला युक्तिवादाने नव्हे, तयारीनेच उत्तर देता येईल असे मला वाटले.

पहिली अट आधी पुरी केली. ट्रेडमिल तपासणी झाली, रक्तदाबाच्या गोळ्यांविषयी डॉक्टरांशी सविस्तर बोलणे झाले. 2,500 मीटरच्या वर विरळ हवेचा त्रास कोणालाही होऊ शकतो. तेथे वय किंवा व्यायामाची सवय यांचा भरवसा धरता येत नाही. पोखरा सुमारे 800 मीटरवर आहे. तेथून एका दमात मुक्तिनाथ न गाठता, वाटेत मार्फा किंवा जोमसोम येथे मुक्काम करायचा असे ठरले. डोके दुखू लागले, मळमळले, तर वर जायचे नाही; त्रास वाढला तर खाली उतरायचे. चौघांपैकी एकाला जरी त्रास झाला तरी चौघांनी मागे फिरायचे, हे आम्ही आताच ठरवून टाकले आहे. मुक्तिनाथ समोर दिसत असताना असा निर्णय घेणे अवघड जाते.

दुसरी अट आपल्या वाचकांना नवी नाही. दिवस मावळण्यापूर्वी जेवण आटोपण्याची शिस्त असलेल्या घरांना सूर्यास्तापूर्वी मुक्काम गाठणे सोयीचेच. जोमसोमच्या परिसरात दुपारनंतर खोऱ्यातून जोराचा वारा सुटतो, म्हणून तेथे तर पहाटे निघून दुपारपूर्वीच थांबणे शहाणपणाचे. नेपाळचे घड्याळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटे पुढे असते, हेही हिशेबात धरले आहे.

कागदपत्रांच्या बाबतीत जन्मभर बँकेत काढल्याचा उपयोग झाला. सुनौली येथे सीमा ओलांडताना भारतीय नागरिकाला व्हिसा लागत नाही. पासपोर्ट किंवा निवडणूक ओळखपत्र चालते. वाहनासाठी मात्र भन्सार म्हणजे नेपाळी सीमाशुल्क कार्यालयाचा परवाना घ्यावा लागतो. त्याचे शुल्क दिवसांवर आकारले जाते आणि मुदत उलटल्यास दंड होतो. डोंगरात दरड कोसळून रस्ता अडू शकतो, म्हणून दोन दिवस जादा धरून परवाना घेणार आहोत. गाडी कर्जाऊ असेल तर बँकेचे ना हरकत पत्र जवळ ठेवावे. विम्याची पॉलिसी नीट वाचावी. साधी मोटार पॉलिसी भारताच्या सीमेपर्यंतच संरक्षण देते. नेपाळसाठी भौगोलिक विस्ताराची नोंद जादा हप्ता भरून करून घ्यावी लागते. आरोग्य विम्याचे कलमही असेच तपासावे.

पैशांचे गणित सोपे आहे. 1 भारतीय रुपयाला 1.60 नेपाळी रुपये हा दर 1993 पासून स्थिर आहे. नेपाळ-भूतानच्या प्रवासासाठी आपल्याकडे परकीय चलन दिले जात नाही, त्यामुळे इतर देशांसाठी घेतलेले फॉरेक्स कार्ड येथे उपयोगाचे नाही. शंभर रुपयांपर्यंतच्या भारतीय नोटा तेथे सहज चालतात. मोठ्या नोटांचे नियम बदलत असल्याने निघण्याच्या आठवड्यात ते पाहून घ्यावेत. तेथे साप्ताहिक सुट्टी शनिवारी असते, हेही ध्यानात ठेवावे.

सामान बांधताना सर्वांत जास्त वेळ काय घ्यायचे नाही हे ठरविण्यात गेला. ओळखीच्या किराणा दुकानातील काट्यावर दोन्ही झोळ्या ठेवल्या, तेव्हा 23 किलो भरले. तिसऱ्या फेरीअंती 16 किलोंवर आलो. जड वस्तू खाली आणि पुढच्या बाजूला, हलक्या वर. मागे फार वजन झाले की पुढचे चाक हलके पडते आणि चढणीवर गाडी ऐकत नाही. क्लच आणि ॲक्सिलरेटरच्या तारा, स्पार्क प्लग, दोन ट्यूब, चेनचा जोड, पंक्चरचे साहित्य आणि हातपंप एवढे सुटे भाग घेतले. माझी साडेतीनशे सीसीची गाडी कार्ब्युरेटरची. विरळ हवेत तिच्यात पेट्रोलचे प्रमाण वाढून ओढ कमी होते. मेकॅनिककडे चार रविवार बसून कार्ब्युरेटर जुळवणे, चाक काढणे, ट्यूब बदलणे हे सारे स्वतःच्या हाताने शिकलो. चामड्याचे जाकीट नको होते, म्हणून जाड नायलॉनचे, खांद्या-कोपरांना संरक्षक पट्ट्या असलेले घेतले. हातमोजे आणि बूटही तसेच, कापडी व कृत्रिम साहित्याचे.

खाण्याची व्यवस्था सौ.ने आपल्याकडे घेतली. खाकरे, मेतकूट, राजगिऱ्याचे लाडू, कोरडी चटणी, भाजके पोहे यांची रोजची स्वतंत्र पाकिटे केली आणि प्रत्येकावर तारीख घातली. नेपाळमध्ये डाळ-भात-तरकारी सर्वत्र मिळते. तरकारीत बटाटा बहुधा असतो, म्हणून 'आलु, प्याज, लसुन नको' असे आधीच सांगावे लागेल.

तिसरी अट शेवटी पुरी केली. बँक खात्यांतील नामांकने तपासली, इच्छापत्र अद्ययावत केले, लॉकरची किल्ली, विम्याच्या पॉलिसी आणि मुदत ठेवींची यादी एका फायलीत लावली. ती फाईल घेऊन आम्ही तिघे एका संध्याकाळी बसलो आणि पानापानावरून गेलो. चाळीस वर्षांच्या संसारात ही चर्चा प्रथमच झाली. प्रवासाचा बेत नसता तर ती कदाचित आणखी लांबली असती. प्रवासाला जावो न जावो, आपल्या प्रत्येक घरात अशी एक फाईल असावी, असे मी आग्रहाने सुचवीन.

त्या दिवसानंतर मुलाने विमानाचा विषय काढलेला नाही. गेल्या रविवारी भरल्या सामानानिशी महाबळेश्वरचा घाट चढून पाहिला, तेव्हा तो त्याच्या गाडीने मागोमाग आला होता. सौ. हल्ली रोज सकाळी चहाबरोबर जोमसोमचे हवामान वाचून दाखवते.