आजीसाठी एक फोटो

मला फोटो काढण्याचा भारी नाद. २०२४ च्या मे महिन्यात काकांबरोबर भिगवणला जायचे ठरले. निघताना आजी म्हणाली, "बाळा, यंदा धरणाचं पाणी लई हटलंय म्हणं. पळसनाथाचं देऊळ उघडं पडलंय. तेवढा फोटो आण माझ्यासाठी."

जुने पळसदेव हे आजीचे माहेर. भीमा नदीवरचे उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले. त्याच्या पाण्यात गाव गेले, देऊळही गेले. माणसे वर नव्या गावात राहायला आली. पाणी फार ओसरले तरच ते देऊळ दिसते.

पुण्याहून आम्ही सोलापूरच्या गाडीत बसलो. काकांचा मोबाईल माझ्या हातात! इंजीन, दौंड जंक्शन, उसाची शेते, जे दिसेल त्याचा फोटो काढला. भिगवणला उतरून आम्ही कुंभारगावला गेलो. तिथे होडीत बसलो. रोहित पक्षी उथळ पाण्यात चोच उलटी बुडवून खात होते. खाण्यातूनच त्यांच्या पिसांना गुलाबी रंग येतो, असे काकांनी सांगितले. उडणाऱ्या पक्ष्यांचा फोटो हवा म्हणून मी जोरात टाळ्या वाजवल्या. सारा थवा उडाला. नावाडीदादा रागावले, "पोरा, त्यांच्या तोंडचा घास काढलास की रं!" मला फार वाईट वाटले. फोटोही हललेलाच आला.

पळसदेवला पोचलो तेव्हा मोबाईलची बॅटरी संपत आली होती. भेगाळलेला गाळ तुडवत देवळापाशी गेलो. काका म्हणाले, "उभा राहा, तुझा काढतो." मी म्हटलं, "नको काका, आधी आजीचा." एक फोटो निघाला आणि मोबाईल बंद पडला.

घरी आल्यावर आजीने फोटो पाहिला. तिने देवाला हात जोडले. मग तिचे बोट देवळावरून सरकत फोटोच्या कडेला गेले. ती म्हणाली, "ह्याच्या पलीकडं आमचं घर होतं रं. तेवढं नाही का आलं?"

मी काय बोलणार? पक्ष्यांचे साठ फोटो होते. आजीच्या घराच्या जागेचा एकही नव्हता.

आता पाणी पुन्हा ओसरले की मी आजीलाच बरोबर नेणार आहे. ती बोट दाखवील तिथलाच फोटो आधी काढीन.

— इयत्ता ७ वी