सातबाऱ्यावर मालक कुठे आहे?

घरात सातबारा असेल तर एकदा काढून बघा. तुमचं किंवा तुमच्या वडिलांचं नाव ज्या रकान्यात आहे, त्याच्यावर काय लिहिलंय ते वाचा. तिथे 'मालक' हा शब्द नाही. तिथे 'भोगवटादार' आहे.

मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते, म्हणून शब्दांपाशी थांबायची खोड लागलेली आहे. मालक हा शब्द अरबीतून फारसीच्या वाटेने मराठीत आला. मिल्कत, मिल्कियत, मुलूख ही सगळी त्याचीच भावंडं. भोगवटादार म्हणजे उपभोग घेणारा. जमीन कसा, पीक घ्या, विका, मुलांना द्या, सगळं खरं. पण सरकारी कागद तुम्हाला मालक म्हणायला तयार नाही. याच महसूल खात्याच्या कागदांत आणखी एक शब्द आहे, 'स्वामित्वधन'. आपण ज्याला रॉयल्टी म्हणतो ते. दगड, मुरूम, वाळू उचलायची तर हे धन सरकारजमा करावं लागतं. स्वामित्वाचं धन ज्याच्याकडे जातं तो स्वामी, आणि सातबाऱ्यावर नाव असलेला भोगवटादार. अख्खा कायदा या दोन शब्दांत मावलेला आहे.

मी या शब्दांपर्यंत पोचले ती माझ्या एका एकरामुळे. अब्बांच्या इंतकालनंतर कराडकडच्या आमच्या सहा एकरांची वाटणी झाली. दोन भाऊ, दोन बहिणी. शरियतच्या हिशेबाने भावांना दोन-दोन एकर, बहिणींना एक-एक. धाकटीने हक्कसोड करून दिलं, आपल्याकडे बहुतेक बहिणी देतात तसं. मी दिलं नाही. अब्बा हयात असताना म्हणाले होते, हिस्सा घ्यायचा, मग त्यात कुसळं का उगवेनात. उगवली कुसळंच. विहिरीखालची जमीन भावांकडे गेली आणि माझ्या वाट्याला वरचा माळ आला. गवत, घाणेरी आणि शेजाऱ्यांच्या शेळ्या. माझी कुणाबद्दल तक्रार नव्हती. मी मिरजेला राहते, शेती करणारी नव्हेच.

मग त्या भागात रस्त्याचं काम निघालं आणि माळाला भाव आला. एका ठेकेदाराचा माणूस घरी आला. म्हणाला, "मॅडम, दोन परस खोल घेऊ. मुरूम आम्ही नेतो, खाली तुम्हाला सपाट रान करून देतो. परवानगीचं आमचं आम्ही बघून घेतो." रक्कम त्याने तोंडी सांगितली, आणि ती माझ्या चार महिन्यांच्या पगारापेक्षा जास्त होती. भाईजानचा फोन आला, "अगे, सही कर डाल. पत्थर का पैसा आ रहा, और क्या होना तेरे को?"

सही करण्याआधी मी तलाठ्यांकडे गेले. त्यांनी शांतपणे सांगितलं की जमीन तुमची, मुरूम सरकारचा. परवाना कुणाच्या नावावर, किती ब्रासचा, रॉयल्टी कुणी भरली, हे कागदावर असल्याशिवाय पोकलेन रानात येऊ देऊ नका. जवळच्याच गावातलं एक उदाहरण मला आधीच ठाऊक होतं. डंपर निघून गेले, खड्डा राहिला, मोजणी झाली आणि नोटीस आली ती शेतकऱ्याच्या नावाने. दंडाचा बोजा त्याच्या सातबाऱ्यावर चढला आणि सोसायटीने पीककर्ज थांबवलं. ज्या मुरमाचा तो मालक नव्हता, त्या मुरमाचा देणेकरी मात्र तोच ठरला.

हा काही तलाठ्यांनी बनवलेला नियम नाही. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं कलम ४८ सांगतं की खनिज कुठेही सापडो, सनदेत किंवा अनुदानाच्या अटींत वेगळं काही म्हटलं नसेल तर त्यावर राज्य सरकारचा हक्क. विनापरवाना उत्खननाला बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड, वाहन जप्त, आणि दंड वसूल होणार जमीन महसुलाच्या थकबाकीसारखा. त्याच कलमात असंही आहे की खनिज काढताना जमिनीच्या पृष्ठभागाला धक्का लागला, कुणाची वहिवाट बुडाली, तर भरपाई द्यावी. म्हणजे भरपाई मिळते ती वरच्या कातडीची. आतल्या हाडामांसाची किंमत तुमच्याशी बोलायची गरज कायद्याला वाटत नाही.

याची मुळं ब्रिटिश काळात आहेत. मुंबई इलाख्याच्या १८७९ च्या जमीन महसूल कायद्याने सारा भरणाऱ्या जमिनींतल्या खाणी आणि खनिजं सरकारने स्वतःकडे राखून ठेवली. त्याआधीच्या मराठेशाहीतल्या इनामपत्रांत वेगळी भाषा दिसते. इनाम गाव देताना जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप यांसह दिला असं लिहायची रीत होती. पाणी, झाडं, गवत, लाकूड, दगड, पुरलेलं धन, ठेवलेलं धन, एकेक मोजून. त्याच कागदात 'कुलबाब कुलकानू' असे फारसी वळणाचे शब्दही असत. मला ही सरमिसळ आवडते. पण त्यातला अर्थही बघा. दगड दिला हे लिहावं लागत होतं, कारण जमीन दिली म्हणजे दगड दिलाच असं तेव्हाही कुणी धरून चालत नव्हतं. मशिदी-दर्ग्यांच्या जुन्या इनामांचे कागद ज्यांच्या घरी किंवा ट्रस्टच्या कपाटात आहेत, त्यांनी ते वाळवीपासून वाचवावेत आणि जाणत्याकडून मोडीतून वाचून घ्यावेत, ते यासाठीही. कलम ४८ मधला अपवाद अशाच शब्दांवर उभा राहतो.

वरची जमीन एकाची आणि खालचं धन दुसऱ्याचं, हा झगडा सगळ्यात मोठा झाला तो कोळशात. बंगाल-बिहारात जमीनदारांनी पिढ्यानपिढ्या जमिनी कायमच्या पट्ट्याने दिल्या होत्या. मग खाली कोळसा निघाला आणि तो कुणाचा यावर दावे सुरू झाले. झरियाच्या राजांचा असा एक दावा लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला आणि १९१२ साली निकाल राजांच्या बाजूने लागला. कौन्सिलची धारणा अशी की पट्ट्यात स्पष्ट लिहिलं नसेल तर खालचं धन दिलं असं मानायचं नाही. इनामपत्रातला दगड आणि झरियाचा कोळसा एकाच तराजूत तोलले गेले.

पुढे १९५७ च्या कोळसाक्षेत्र संपादन कायद्याने सरकारला जमीन किंवा नुसता तिच्याखालचा खाणहक्क, यातलं हवं ते घेण्याची मुभा मिळाली. १९७३ मध्ये कोळसा खाणींचं राष्ट्रीयीकरण पूर्ण झालं. आपल्या राज्यात कोळसा आहे तो चंद्रपूर, यवतमाळ, नागपूर या पट्ट्यात. तिथल्या शेतकऱ्याचा झगडा आता कोळसा कुणाचा असा राहिलेला नाही, तो प्रश्न कायद्याने संपवला. आता झगडा भरपाईचा दर, नोकरी आणि पुनर्वसन यांचा. कोल इंडियाच्या धोरणात दोन एकरांमागे एक नोकरी असं मोजमाप आहे. दीड एकरवाल्याने काय करायचं, आणि ज्या बहिणीने हक्कसोड करून दिलं तिचं नाव त्या यादीत कुठे येणार, हे प्रश्न मला एक एकराची भोगवटादार म्हणून सुचतात.

न्यायालयं या विषयावर अजून एका सुरात बोलत नाहीत. केरळातल्या मलबारच्या जमीनधारकांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ८ जुलै २०१३ रोजी सांगितलं की साधारणपणे खालचं खनिज जमिनीच्या मालकाचंच, कायद्याच्या मार्गाने ते काढून घेतलं गेलं नसेल तोवर. वाचून मला आनंद झाला. पण आपल्याकडे कलम ४८ उभं आहे, त्यामुळे तो आनंद मलबारपुरताच. २०१४ च्या डिसेंबरात पुण्यातल्या बांधकाम व्यावसायिकांच्या खटल्यात त्याच न्यायालयाने म्हटलं की नुसती माती उकरली म्हणून ती गौण खनिज ठरत नाही, ती कशासाठी वापरली हे बघावं लागतं. आणि २५ जुलै २०२४ रोजी नऊ न्यायाधीशांच्या पीठाने आठ विरुद्ध एक अशा बहुमताने ठरवलं की रॉयल्टी हा कर नाही. खनिज काढू दिल्याबद्दल पट्टेदाराने पट्टा देणाऱ्याला दिलेला तो मोबदला आहे. शिवाय खनिज असलेल्या जमिनीवर कर लावायचा अधिकार राज्यांना आहे. केंद्र, राज्य आणि कंपन्या यांच्यातला हा मोठा वाद होता. ज्याच्या रानातून ट्रक जातो तो त्यात कुठे बसतो, हे शोधायला मला निकालाच्या बातम्या दोनदा वाचाव्या लागल्या, आणि तो काही सापडला नाही.

आता कुणी म्हणेल, मग खनिज जमीनवाल्यालाच देऊन टाकावं का? मला तसं वाटत नाही, आणि यात माझ्यासोबत आपली फिकहची जुनी चर्चाही आहे. हनफी मत साधारण असं की मालकीच्या जमिनीत धातूची खाण सापडली तर ती मालकाची, पाचवा हिस्सा बैतुलमालचा. मालिकी मत सांगतं की खाण कुणाच्याही जमिनीत असो, अखत्यार शासनकर्त्याचा, कारण ती सगळ्यांच्या भल्याची गोष्ट. हदीसच्या ग्रंथांत येमेनमधल्या मारिबच्या मिठाचा प्रसंग आहे. एका सहाबींनी ती मिठाची जागा मागितली आणि रसूलुल्लाहांनी ती दिली. मग कुणीतरी लक्षात आणून दिलं की तिथलं मीठ न आटणाऱ्या पाण्यासारखं आहे, कुणीही जावं आणि घ्यावं. तेव्हा ती परत घेण्यात आली. परत घेतली ती तिजोरीसाठी नव्हे, लोकांना घेता यावी म्हणून. सरकारी मालकीचं समर्थन करायचं तर ते या अटीवर करता येईल.

ही अट पाळून घेण्याचा एक प्रयत्न आपल्याच भागात झालेला आहे. येरळा नदी साताऱ्याच्या खटाव तालुक्यात उगम पावते आणि सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळजवळ कृष्णेला मिळते. ऐंशीच्या दशकात खानापूर तालुका दुष्काळाने होरपळत होता. १९८२ च्या गिरणी संपानंतर मुंबईहून गावी परतलेले कामगार आणि शेतकरी मिळून मुक्ती संघर्ष चळवळ उभी राहिली. डॉ. भारत पाटणकर तिचे नेते. येरळेतली वाळू सरकार लिलावाने ठेकेदारांना देत होतं आणि ट्रक भरभरून ती बाहेर चालली होती. वाळू गेली की पात्रात पाणी मुरत नाही, विहिरी आटतात. बलवडी आणि तांदुळवाडीच्या लोकांनी वेगळी मागणी केली. ठेकेदाराचा उपसा थांबवा. आम्हाला मोजकी वाळू विकू द्या आणि त्या पैशातून आम्ही आमचं धरण बांधू. परवानगीसाठी झगडावं लागलं, पण बळीराजा स्मृती धरण उभं राहिलं. त्याच्या पाण्यात भूमिहीनांनाही वाटा मिळावा हा चळवळीचा आग्रह होता.

त्या लोकांनी वाळूची मालकी मागितली नव्हती, हे मला महत्त्वाचं वाटतं. वाळू कुणाला द्यायची, किती काढायची आणि आलेल्या पैशाचं काय करायचं, हे ठरवताना आम्हाला विचारा, एवढीच त्यांची मागणी होती. कोळशापासून मुरमापर्यंत हाच प्रश्न अडलेला आहे. मालक कोण हे न्यायालयं ठरवत राहतील. पण जिथे खड्डा पडणार तिथल्या माणसाला खणण्याआधी विचारलं गेलं पाहिजे आणि आलेल्या पैशातला ठरलेला वाटा त्याच गावात दिसला पाहिजे. २०१५ पासून मोठ्या खनिजांसाठी जिल्हा खनिज प्रतिष्ठानची तरतूद आहे, रॉयल्टीच्या प्रमाणात पैसा खाणबाधित भागासाठी ठेवला जातो. मुरूम-वाळूच्या गावांनी तसाच हिशेब ग्रामसभेत मागायला हवा. आमच्या गावात या वर्षी किती ब्रासचे परवाने दिले, हा प्रश्न विचारायला वकील लागत नाही.

ठेकेदाराच्या माणसाला मी परवान्याची प्रत आधी दाखवा म्हटलं. "बघतो," म्हणून तो गेला आणि नंतर त्याचा फोन आला नाही. भाईजान थोडे रुसलेत. माळ अजून आहे तसाच आहे.

आपल्या घरातल्या ज्या बहिणींच्या वाट्याला असा माळ आला असेल, त्यांना दोन गोष्टी सांगते. हिस्सा सोडू नका, जमीन खडकाळ असली तरी. आणि कुणी मुरूम मागायला आलं तर आधी परवाना बघा, त्यावरचं नाव बघा, ब्रासचा आकडा बघा, रॉयल्टी भरल्याच्या चलनाची प्रत स्वतःकडे ठेवा. सातबाऱ्यावर तुम्ही भोगवटादार आहात, पण बोजा चढायचा तो त्याच नावावर.