जिभेच्या जागी बसलेला पाहुणा

मेक्सिकोच्या पश्चिमेस कॅलिफोर्नियाचे आखात आहे. आपल्या कोकणातील तांबोशीच्या कुळातला, कुशीवर काळा ठिपका असलेला एक गुलाबी मासा तेथे आढळतो. क्वचित अशा माशाचे तोंड उघडून पाहावे, तो आतून दोन काळे डोळे बाहेर पाहत असतात! जिभेच्या जागी एक जिवंत प्राणी बसलेला असतो.

त्याचे नाव सायमोथोआ एक्झिग्वा. खेकडा-कोळंबीचा हा दूरचा आप्त. लांबी फार तर 3 सेंटिमीटर. पाय मात्र 14. कोवळ्या वयात तो कल्ल्यांच्या वाटेने आत शिरतो. आरंभी तो नर असतो. पुढे त्याचीच मादी होऊ शकते. ही मादी माशाच्या जिभेत नख्या रोवून रक्त पिऊ लागते. जीभ सुकत, झडत जाते आणि उरलेल्या खुंटाला मादी घट्ट धरून बसते.

मग मासा उपाशी मरतो काय? मुळीच नाही. माशाची जीभ आपल्या जिभेसारखी वळवळत नाही. भक्ष्य टाळूच्या दातांवर दाबून धरावयाचे, एवढेच तिचे काम. ते आता या पाहुणीच्या पाठीवर भागते! ब्रुस्का आणि गिलिगन या शास्त्रज्ञांनी ही नवलाची हकीगत 1983 साली प्रसिद्ध केली. चोराने वस्तू पळवावी आणि तिच्या जागी स्वतःच राबावे, असाच हा प्रकार. मग त्याला चोर म्हणावे की चाकर?

मादी आपली अंडी पोटाखालच्या पिशवीत वागवते. पिले बाहेर पडली, की त्यांना दुसरा मासा शोधावा लागतो.